मश्रूम कमी दिले नव्हते, आळले होते: हॉटेलमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या मश्रूमच्या प्लेटबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. रविवारी तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल माफी मागतो. गर्दीमुळे प्लेट यायला उशीर झाला, तेही मान्य.

पण ‘200 ग्रॅम सांगून 100 ग्रॅमही देत नाहीत, 180 रुपयांची लूट’ हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला जेवण गेलं नाही. एका प्लेटला 200 ग्रॅमचा एक अख्खा डबा फोडतो आम्ही. मश्रूममध्ये शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. मेथीची जुडी कढईत मावत नाही आणि शिजली की वाटीभर होते, घरी बघितलंच असेल. तसेच मश्रूम आळतात. जास्त दिसावेत म्हणून अर्धे कच्चे ठेवून देता आले असते. तसं आम्ही करत नाही, कारण नीट शिजले की ते पचायला हलके जातात.

तुम्ही ‘तेलात पोहत होते’ म्हणालात. तेल दोन छोटे चमचे, मी स्वतः घालतो. मोठ्या आचेवर परतून कोरडे करूनच प्लेट पाठवली होती. तुमचा फोन चालू होता, फोटोही झाले, प्लेट वीसेक मिनिटं तशीच होती. गार होताना मश्रूम पाणी सोडतात, तेच खाली साचलं. तुम्हाला दोष देत नाही, फक्त सांगतो.

मश्रूममध्ये प्रोटीन फारसं नसतं, हे तुमचं बरोबर आहे. अख्ख्या डब्यात साधारण 6 ग्रॅम, म्हणजे एका अंड्याइतकं. पनीरची बरोबरी नाही. पण तेल सोडलं तर त्या डब्यात जेमतेम 45 कॅलरी असतात, शिवाय पोटॅशियम आणि बी गटातली जीवनसत्त्वं, म्हणजे रायबोफ्लेविन, नायसिन. हे काही मी मनचं सांगत नाही.

राहिला फळ्यावरचा ‘भरपूर व्हिटॅमिन डी’. तो भाच्याने लिहिला होता. मश्रूमला ऊन किंवा अतिनील प्रकाश मिळाला तर त्यात डी तयार होतं, आणि आमचे येतात अंधाऱ्या खोलीत वाढलेले. ती ओळ काल पुसली.

बाकी सर्व्हिसचं बघतो आहोत. अकरा वर्षं हा गल्ला सांभाळतोय सर, वजनात कधी खोट केली नाही. पुन्हा याल तेव्हा डबा तुमच्यासमोर फोडतो, हवं तर काट्यावर ठेवून. फक्त गरम असतानाच खा.