भात पचतच नाही म्हणे!

‘माणसाच्या शरीरात धान्य पचवायची सोयच नाही. स्टार्च फक्त लाळेने पचतो, उरलेला आतड्यात सडतो. शेती सुरू होऊन जेमतेम दहा हजार वर्षं झाली, एवढ्यात जनुकं बदलत नाहीत. म्हणूनच भात-पोळीने शुगर वाढते.’ हा मजकूर फॅमिली ग्रुपांवर फिरतोय.

सोय नाही कशी? आपल्या १ नंबरच्या गुणसूत्रावर एएमवाय२ए नावाचं जनुक आहे, शेजारीच त्याचं भावंड एएमवाय२बी. दोन्हींच्या हुकमाने स्वादुपिंड अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतं. ते लहान आतड्यात उतरून स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं आणि आतड्याच्या अस्तरावरची विकरं त्या तुकड्यांचं ग्लुकोज करतात.

लाळेतही अमायलेज असतं, खरंय. पण जठरातलं आम्ल त्याचं काम थांबवतं, त्यामुळे बराचसा भार स्वादुपिंडावरच पडतो. सावकाश चावून खावं, जरूर. पण ३२ वेळा चावला नाही म्हणून घास सडत नाही. तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी, त्यांच्या स्वादुपिंडात हे विकर पहिले काही महिने फारच कमी असतं.

दहा हजार वर्षांत जनुकं बदलत नाहीत, हे तर दारातला कुत्राच खोटं ठरवतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांडग्यांमध्ये एएमवाय२बीच्या २ प्रती आढळल्या, त्यांच्याच वंशातल्या कुत्र्यांमध्ये ४ ते ३०. प्रती जास्त, तर अमायलेजही जास्त. माणसात असाच फरक लाळेतल्या अमायलेजच्या जनुकात, एएमवाय१मध्ये, दिसतो. २००७च्या अभ्यासात जास्त स्टार्च खाणाऱ्या समाजांत त्याच्या प्रती सरासरीने जास्त निघाल्या. त्यांत टांझानियातले हाडझा होते, आणि हाडझा शेती करत नाहीत, कंदमुळं खणून खातात! २०२४च्या एका संशोधनानुसार या प्रती वाढायला सुरुवात ८ लाख वर्षांपूर्वीच झाली असावी. स्टार्चशी आपली ओळख शेतीच्या कितीतरी आधीची.

खरी गंमत शेवटच्या ओळीत आहे. भात न पचता सडत असेल, तर शुगर वाढेल कशाने? त्यातलं ग्लुकोज रक्तात येतं ते पचल्यावरच. मधुमेहात प्रश्न इन्सुलिनचा आणि ताटातल्या प्रमाणाचा असतो. उलट अकार्बोज नावाची मधुमेहाची गोळी हेच अमायलेज आणि अस्तरावरची विकरं मंदावते, म्हणजे पचन मुद्दाम अडवते. मग न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या हाती लागतो, पोट फुगतं, वारा सरतो. साध्या भाताने रोज एवढा गोंधळ होत असता, तर आजाऱ्यापुढे मऊ भात कुणी ठेवला असता?