टॅटिंग शिकायचंय? मग शटल नंतर, आधी सुई घ्या

टॅटिंग म्हणजे दोऱ्यावर गाठी घालत लेस करणं, शटलवर (दोरा गुंडाळलेलं होडीसारखं छोटं साधन) किंवा सुईवर. शटलवाल्यांनी रागावू नका, पण हे मला एकदा बोलायचंच होतं. "सुईचं टॅटिंग म्हणजे शॉर्टकट, खरं टॅटिंग शटलवरच" हे नवीन माणसाला सांगणं आता बास करा. त्याला टांगायला चांदण्या, स्नोफ्लेक, छोटी फुलं करायची असतात, बिचारा हौसेने शटल आणतो आणि पहिल्याच गाठीत अडकतो.

अडकणारच ना, शटलमध्ये सगळा खेळ त्या फ्लिपचा. गाठ घालायची शटलच्या दोऱ्याने, मग तोच दोरा ताणायचा, दुसऱ्या हातावर गुंडाळलेला ढिला सोडायचा, की गाठ उलटून हातावरच्या दोऱ्याची होते आणि शटलचा दोरा मधून मोकळा सरकतो. हे जमलं नाही की गाठ लॉक, रिंग (टाक्यांचं कडं) बंद होत नाही, आणि एवढ्याशा गाठी सोडवत बसायचं म्हणजे डोळे गेले कामातून.

सुईवर ही भानगडच नाही. अर्धा टाका, मग उलटा अर्धा, झाला डबल स्टिच. सगळे टाके सुईवर ओळीने दिसतात, मोजता येतात, चुकला तर सरळ ओढून काढा. मग सुई पुढे ओढून टाके दोऱ्यावर घ्यायचे आणि रिंग बंद. पिकॉट म्हणजे दोन टाक्यांमध्ये सोडलेली जागा, टाके जवळ सरकवले की दोऱ्याचा फासा उभा राहतो, तो सगळीकडे सारखा हवा असेल तर पुठ्ठ्याची पट्टी मापाला धरा, नुसत्या अंदाजाने चांदणी वाकडीच होते.

आता खरं तेही सांगते, सुईच्या रिंगमध्ये आतून दोरा दुहेरी जातो, टाकेही सुईच्या जाडीचे पडतात, त्यामुळे काम जरा सैल दिसतं. रुमालाच्या कडेची बारीक लेस करायची तर मीही शटलच म्हणेन. पण टांगायच्या वस्तूला शेवटी स्टार्च लागतोच, मग त्या सैलपणाचं एवढं काय?

सुई मात्र टॅटिंगचीच हवी, लांब, बोथट, नेढ्यापर्यंत एकसारखी. भरतकामाची नको, तिचं नेढं फुगीर असतं, टाके तिथेच अडतात. दोरा सुती, घट्ट पिळाचा, सुरुवातीला १० नंबरचा. नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो, ८० नंबरच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. आणि फुसफुशीत लोकर तर नकोच, टाके सरकतच नाहीत.

कडक करायला कॉर्नफ्लोअरची पातळ खळ किंवा पाणी घातलेला पांढरा गोंद. साखरेच्या पाकानेही होतं, पण मुंग्यांना आमंत्रण कशाला! थर्माकोलवर प्लास्टिक घालून, एकेक टोक पिनेने ताणून, पूर्ण वाळू द्या. पिना न गंजणाऱ्याच घ्या, पांढऱ्या दोऱ्यावरचा गंजाचा डाग सहजासहजी जात नाही.