एकदा विचारा तरी, गोळीमुळे होतंय का म्हणून!

"वयोमानाप्रमाणे थोडंफार होणारच. घरी जरा लक्ष ठेवा."

पार्किन्सन्सच्या गोळ्या घेणारे माझे बाबा एकाएकी लॉटरीत आणि खरेदीत पैसे उधळायला लागले, हे सांगितल्यावर डॉक्टरांचं एवढंच उत्तर. बस्स. पहाटे साताऱ्याहून गाडी काढली, खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागं रखडलो, बाबांना दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवला (पार्किन्सन्सचे पेशंट तपासायचे आणि दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद, कुणाच्या डोक्यातून येतं हे?), जेवणाची वेळ टळून गेली तरी त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो, आणि पदरात काय पडलं तर हे एक वाक्य. दार ढकलून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत तीन मिनिटंसुद्धा झाली नसतील. बॅगा घेतलेले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मात्र एकामागून एक आत जात होते. त्यांना नंबर नसतो, त्यांचे आईबाप बाहेर ताटकळत नसतात.

मी वहीत सगळं लिहून नेलं होतं. दिवाळीनंतर पार्किन्सन्सच्या गोळीचा, प्रामिपेक्सोलचा, डोस वाढवला, पाव मिलिग्रॅमची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमवर गेली, दिवसातून तीनदा. मार्गशीर्ष संपायच्या आत लॉटरीची पहिली तिकिटं. संक्रांतीच्या सुमारास मागवलेल्या वस्तूंचं पहिलं कुरिअर. मग एफडी मोडली. ही वही मी उघडून टेबलावर ठेवली, तर डॉक्टरांनी ती बोटानं बाजूला सारली, कारण तिच्याखाली त्यांचं पॅड होतं. मी विचारलं, "डॉक्टर, हे या गोळीमुळे होत असेल का?" स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "इंटरनेट वाचून आलात वाटतं."

हो, आले वाचून! तुम्ही सांगितलं असतंत तर कशाला वाचलं असतं? गोळी सुरू करताना एक वाक्य पुरलं असतं: यांच्या वागण्यात काही बदल दिसला, पैसे उधळायला लागले, तर लगेच कळवा. डोस वाढवतानाही तेवढंच पुरलं असतं. ते नाही. ते विचारलं तर उलट मीच आगाऊ. आणि वर त्याच कागदावर क्लोनाझेपाम लिहून दिलं, "रात्री एक द्या, चिडचिड कमी होईल." वळताना ज्याचा तोल जातो, रात्री दोनदा बाथरूमला उठावं लागतं, त्या माणसाला झोपेची गुंगी! एका गोळीनं काय केलं ते बघायचं नाही, त्यावर दुसरी गोळी ठेवायची. पडून खुब्याचं हाड मोडलं की तिसरा डॉक्टर. तोही म्हणेल वयोमानाप्रमाणे.

बाबा कोण होते हे त्या खुर्चीतल्या माणसाला माहीत असायचं कारण नाही, पण विचारायचं तरी! जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यात आयुष्य गेलं त्यांचं. भाजीवाल्यानं आठ आणे जास्त दिले तर परत मंडईत जाऊन ते देऊन आलेला हा माणूस. पत्ते खेळायला बसले तरी पैसे लावू देत नसत. त्या माणसाच्या कपाटात मला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात लॉटरीची तिकिटं. नुसती कोंबलेली नाहीत. शेवटच्या आकड्याप्रमाणे गठ्ठे केलेले, प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड, वर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूची चिठ्ठी. चिठ्ठीवर सोडतीची तारीख, लावलेले पैसे, आलेले पैसे, सगळा ताळेबंद. आजारामुळे त्यांचं अक्षर ओळीच्या शेवटाला जाईपर्यंत मुंगीएवढं होतं. पहिला आकडा वाचता येतो, शेवटची बेरीज वाचायला मी चिठ्ठी खिडकीशी नेली. बेरीज बरोबर होती. म्हणजे किती गेले हे त्यांना पैपैसकट माहीत होतं आणि तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा स्टॉलवर गेले होते.

यालाच तुम्ही विसराळूपणा म्हणता? यालाच वय म्हणता?

कुरिअरचं तर सांगायलाच नको. अलार्मची घड्याळं, टॉर्च, गुडघ्याला लावायचं मसाज मशीन, एकसारख्या स्क्रू ड्रायव्हरचे दोन सेट. रात्री तीनला हॉलमध्ये दिवा, आणि बाबा जमिनीवर पेपर पसरून ट्रान्झिस्टर उघडून बसलेले. सगळे स्क्रू आकारानं लावून ठेवायचे, परत मिसळायचे, परत लावायचे. मी म्हटलं, बाबा, झोपा ना आता. तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मला कळतंय गं. पण हात थांबत नाही." ज्याला इंटरनेट म्हणून हिणवलंत ना, त्यात या स्क्रू लावत बसण्यालाही नाव आहे. पंडिंग म्हणतात. स्वीडनमध्ये १९७२ साली अँफेटामीन घेणाऱ्या लोकांमध्ये हे पाहून एका डॉक्टरनं ते नाव लिहून ठेवलं. माझ्या जन्माच्या आधी! आणि पुढं पार्किन्सन्सच्या पेशंटांमध्येही तेच दिसलं, कारण धागा एकच, डोपामीन.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामीन कमी पडतं, म्हणून हातपाय ताठरतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं डोपामीनची जागा घेतात. हातपाय मोकळे होतात, आमच्या बाबांचेही झाले, शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले, ते मी नाकारत नाही. पण ही औषधं हालचालीच्या भागापाशी थांबत नाहीत. हवंहवंसं वाटणं, पुन्हा एकदा करून बघावंसं वाटणं ज्या भागातून येतं, तिथंही ती काम करतात. काही माणसांचा ब्रेकच सुटतो. जुगार, खरेदी, सारखं खाणं, कामवासना. हे कुठल्या तरी फॉरवर्डमध्ये आलेलं नाही. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ केंद्रांतल्या ३,०९० पार्किन्सन्स रुग्णांचा अभ्यास छापून आला. या गटातली औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्के लोकांना असा काही ना काही त्रास होता, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. जवळजवळ सहातला एक! फ्रान्समध्ये रोपिनिरोल घेताना एकानं घरची पुंजी जुगारात घालवली, तर २०१२ मध्ये रेनच्या अपील कोर्टानं कंपनीला त्याला जवळपास दोन लाख युरो द्यायला लावले. औषधाच्या माहितीपत्रकातही हा इशारा छापलेला असतो.

पण ते माहितीपत्रक आपल्याला दिसतंय कुठं? ते खोक्यात. खोकं केमिस्टच्या फळीवर. आपल्या हातात येते कात्रीनं कापलेली पट्टी, तीही अशी कापलेली की एक्स्पायरीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. कागद मागितला तर केमिस्टचा पोरगा म्हणाला, "मॅडम, तो कुणी वाचत नाही." कुणी वाचत नाही म्हणून द्यायचा नाही? आणि वाचायचा म्हटलं तर मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत. साबणाच्या वडीवर मराठी छापता येतं, मेंदूवर काम करणाऱ्या गोळीवर येत नाही.

मला राग एवढ्यासाठीच येतो की हे आमच्या घरात पहिल्यांदा होत नाहीये. आईचं झालं तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. तिच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध घातलं, थायझाइड, आणि काही दिवसांत ती बरळायला लागली. देव्हाऱ्यापुढे बसून मेलेल्या आजीशी गप्पा. गॅस चालू, दूध उतू, आणि ती म्हणते आज शाळेला सुट्टी आहे. आत्यानं दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी बाहेरचं आहे म्हणून लिंबू आणून दिलं. फॅमिली डॉक्टर म्हणाले डिप्रेशन असेल, मुलगी बाहेरगावी गेली ना. शेवटी चक्कर येऊन पडली, ॲडमिट केलं, रक्त तपासलं, तर सोडियम ११८. असायला हवं १३५ ते १४५. ती गोळी बंद केली, हळूहळू सोडियम भरून काढलं, आणि आठवड्यात आईनं विचारलं, "पितळी डबा कुणी हलवला माझा?" पार शुद्धीवर! एक साधी रक्ततपासणी न करता आईला वेडी ठरवायला निघाले होते सगळे. आजही कुणाला विचारा, लिंबाची गोष्ट आठवेल, सोडियमची नाही.

आणि भाचा! सर्दीखोकल्याला माँटेलुकास्ट गोळ्याचॉकलेटासारखं देतात ना, त्यावर होता. रात्री किंचाळत उठायचा, बहिणीला चावायचा. बालरोगतज्ज्ञ म्हणे स्क्रीन टाइम कमी करा. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं, एफडीएनं, २०२० च्या मार्चमध्ये याच औषधावर, वागण्यात आणि मनःस्थितीत बदल होतात म्हणून, सगळ्यात कडक चौकटीतला इशारा घातला होता. भाच्याला त्याच गोळीनं होत होतं की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण विचार तरी करायचा होता! स्क्रीन टाइम म्हणून मोकळे.

घरचे तर डॉक्टरांच्या वरताण. एफडी मोडल्याचं कळलं तेव्हा आत्या म्हणाली, "म्हातारचळ लागलाय त्याला." सख्खा भाऊ! धाकट्या काकांनी बारशाच्या पंगतीत बाबांना मोठ्यानं हाक मारली, "काय लॉटरीकिंग, या वेळी किती लागली?" सगळी पंगत हसली. बाबांच्या हातात आमटीची वाटी होती, ती थरथरून अर्धी पानात सांडली. काका, ती थरथर तुम्हाला आजार म्हणून मान्य आहे. तिला कुणी हसत नाही. तिच्यावर दिलेली गोळी त्याच डोक्यात जाऊन आणखी काही करत असेल, हे मान्य करायला मात्र तुम्हाला जड जातं.

आणि एक जे कुणी बोलत नाही, ते मी बोलते. आईनं मला स्वयंपाकघरात, नळ चालू ठेवून सांगितलं. बाबा तिला रात्री झोपू देत नाहीत. या वयात. ती रडत नव्हती, तिला लाज वाटत होती, जणू तिचंच काही चुकलं. डॉक्टरांसमोर ती हे बोलूच शकली नाही, कारण केबिनचं दार सताड उघडं, दारात पुढचा पेशंट उभा, आणि कंपाउंडर फाईल शोधतोय. तिथं कुठली बाई हे बोलेल? विचारायचं काम डॉक्टरांचं आहे. दार लावून, बाबांना क्षणभर बाहेर बसवून, सरळ शब्दांत विचारायचं. किती घरांत किती बायका हे सोसत असतील आणि नवऱ्याला मनातल्या मनात घाणेरडा म्हणत असतील, आणि तो बिचारा स्वतःलाही तेच म्हणत असेल!

परत येताना गाडीत दादा म्हणाला, "डॉक्टरांनाच शिकवायला निघालीस तू. टाक सगळ्या गोळ्या बंद करून." बाबा मागं बसले होते, सगळं ऐकत होते. मी ओरडलेच. अरे, बंद कशा करतोस? ही औषधं एकदम थांबवली तर पेशंट लाकडासारखा ताठ होतो, घाबरा होतो, नैराश्यात जातो, जिवावरसुद्धा बेतू शकतं. डोस उतरवायचा असतो तो पायरीपायरीनं, डॉक्टरच्या देखरेखीखाली, म्हणून तर डॉक्टर लागतो! त्यावर वहिनीनं तिच्या माहेरच्या ओळखीतल्या कुणाची कवचबीजाची पूड सुचवली, "आयुर्वेदिक आहे, त्रास नाही." अगं, कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी, त्यात लेव्होडोपाच असतं, ज्याचं मेंदूत डोपामीन होतं ते! बाबा आधीच लेव्होडोपा घेतायत. न मोजता त्यात आणखी ओतायचं? नैसर्गिक म्हटलं की सगळ्यांची अक्कल गहाण पडते.

आता मी काय करणार ते ऐका. ते क्लोनाझेपाम घरात आलेलं नाही आणि येणार नाही, जोवर कुणी मला नीट सांगत नाही की ते कशासाठी. सोडियम, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड आणि लघवीची तपासणी उद्याच करून घेतेय, म्हणजे दुसरं काही असेल तर तेही कळेल. गुरुवारी दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय. फोनवरच विचारलं, डॉक्टर ऐकून घेतात का? तिकडची मुलगी गडबडली, मग म्हणाली हो. वही बरोबर असेल, तिकिटांचा डबाही असेल, आणि आई माझ्याबरोबर आत येईल, बाबा बाहेर दादाजवळ बसतील. औषधाचा त्रास सरकारला कळवायची सोय आहे, फार्माकोव्हिजिलन्सचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, तिथं साधा घरचा माणूसही तक्रार नोंदवू शकतो. मी नोंदवणार आहे. बाबांच्या बँकेच्या खात्याला आईची जोड सही घालायची, हे बाबांनी स्वतः कबूल केलंय. स्वतः! ज्याला तुम्ही चळलेला म्हणता त्यानं.

आणि काका, पुढच्या आठवड्यात मुंज आहे, तुम्ही येणारच. तिथं बाबांना लॉटरीकिंग म्हणालात, तर मी माइक घेऊन प्रामिपेक्सोलचं अख्खं माहितीपत्रक मांडवात वाचून दाखवीन. मिळवलंय मी ते.