घागरीत पाणी पाहिजे

आज आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायचा सण. दुपारी भाच्याकडे जेवायला गेले होते. मोठ्या आग्रहाने बोलावलं होतं. आमरस, पुरणपोळी, कुरडया, पापड, सगळं साग्रसंगीत. भाचेसुनेने सांजोऱ्या घरी केल्या होत्या आणि खरंच खुसखुशीत झाल्या होत्या. जेवायच्या आधी पितरांना नमस्कार करायला म्हणून आत गेले आणि जागीच थांबले.

चौरंगावर सोनेरी कलश. प्लास्टिकचा. वरचा नारळही प्लास्टिकचा आणि तो कलशाला चिकटवलेला. आंब्याची पानं कापडाची, कडेला चमकी लावलेली. खाली दिव्यांची बारीक माळ, बटण दाबलं की रंग बदलणारी. मी हात लावून पाहिला. तोंड बंद. आत पाणी भरायला जागाच नव्हती.

"घागर कुठंय रे?" मी विचारलं.

"हीच ना आत्या. मडकं दरवर्षी आणा, ते पाझरतं, फरशी खराब होते, नंतर ठेवायचं कुठे? हा ऑनलाइन मागवला, कायमचा झाला. शेवटी प्रतीकच आहे ना? भाव महत्त्वाचा."

सणाचा दिवस, त्यात मी माहेरी आलेली. काही बोलले नाही. जेवले, ओटी घेतली, घरी आले. पण रात्रीचे अकरा वाजले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. ती घागर माझ्या बापाच्या नावाची होती हो.

"भाव महत्त्वाचा." हल्ली काहीही टाळायचं असलं की हे वाक्य तयार असतं. पाहुण्याला पाणी न विचारता नुसता भाव ठेवला तर चालेल का? मग पितरांनाच का?

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, बुराई नदीच्या काठचं. नदी म्हणायची, पण दिवाळीनंतर तिच्यात वाळूच. बहात्तरच्या दुष्काळानंतरची, म्हणजे १९७३ ची आखाजी मला लख्ख आठवते. मी शाळेत नुकती जायला लागलेली. विहिरी खडखडीत. बायकांनी नदीत झिरे खणले होते, माणसाच्या कमरेइतके खोल. तळाला पाणी झिरपायचं, ते वाटीने भरून हंड्यात टाकायचं, मग पुन्हा वाट पाहायची. आमची मोठीमाय, म्हणजे बापाची आई, पहाटेच झिऱ्यावर जाऊन बसली. मी तिच्याबरोबर. उन्हं वर आली तेव्हा कुठे हंडा भरला. गढूळ पाणी. घरी आल्यावर तिने ते दुहेरी फडक्याने गाळलं, तुरटी फिरवली आणि नव्या घागरीत ओतलं. मला तहान लागली होती. मी पेला पुढे केला. ती म्हणाली, "पह्यले त्यासनं, मंग आपलं."

त्यासनं म्हणजे पितरांचं. त्या वेळी मला राग आला होता. मेलेल्या माणसांना कसली तहान?

आता वाटतं, आखाजीचा सगळा अर्थ त्या तहानेतच आहे. खानदेशात हा सण येतो कधी? धुळं-जळगाव ४२ अंशांच्या पुढे गेलेलं असतं तेव्हा. शेतं उघडी पडलेली, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल संपून नवं साल ठरायची वेळ. अशा दिवसांत आपल्या लोकांनी पितरांना काय द्यायचं ठरवलं? सोनं नाही, वस्त्र नाही. पाणी. नव्या मातीच्या घागरीतलं गार पाणी. सोनं घ्यायचा मुहूर्त ही जाहिरात नंतर आली, आमच्याकडे आधी घागर होती. शास्त्रातही या दिवशी उदकुंभाचंच दान सांगितलंय. "एष धर्मघटो दत्तो ब्रह्मविष्णुशिवात्मकः" असं म्हणून पाण्याने भरलेला घडा द्यायचा. भरलेला. हे कंसात टाकण्यासारखं कलम नाही, दानच ते आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे थोडं मागे जाणारच. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात इंद्राला सोम देताना "आपूर्णो अस्य कलशः" म्हटलंय, म्हणजे तिथेही कलश भरलेलाच. सांचीला, भारहुतला दगडात कोरलेले पूर्णघट आहेत, त्यांच्यातून कमळं बाहेर आलेली. वेरुळच्या २१ नंबरच्या लेण्यात, रामेश्वरात, खांब बघा. खांबाच्या माथ्यावर घट आणि त्याच्या तोंडातून चारी बाजूंनी पानं ओसंडून खाली आलेली. जैनांच्या एकोणिसाव्या तीर्थंकरांचं, मल्लीनाथांचं, लांछन म्हणजे ओळखचिन्ह कलश. आंध्र प्रदेशच्या राजमुद्रेतसुद्धा पूर्णघट आहे. दगडात पाणी भरता येत नाही हे त्या कारागिरांना काय कळत नव्हतं? पण भरलेपण दाखवल्याशिवाय त्यांचा हात थांबला नाही. आणि आम्ही, ज्यांच्या घरात नळ आहे, आम्ही तोंड बंद केलेला कलश विकत आणतो.

बरं, देवळाच्या शिखरावरच्या कलशातही पाणी नसतं. मान्य. पण तो लांबून बघून हात जोडायचा. घागर प्यायची असते.

आणि आपल्या खानदेशाचं काय सांगू! तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने पुरातत्त्वात एक संस्कृतीच ओळखली जाते, आणि ती ओळखली कशावरून, तर मडक्यांवरून. चार हजार वर्षांपूर्वीची मडकी, त्यांच्यावर काळ्या रंगात हत्यारं, प्राणी चितारलेले. प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५४-५५ मध्ये खोदकाम झालं, तिथेही खापरांचे थरच्या थर. चाळीसगाव तालुक्यात गिरणेवरचं बहाळ तसंच. त्याच्या समोरच्या काठावर टेकवाडे आहे, तिथे तर मडक्यातली दफनं सापडली. पुढे इनामगाव, नेवासे इथे मेलेली लहान लेकरं दोन मडक्यांची तोंडं जोडून त्यांत ठेवून घरातल्या जमिनीखाली पुरलेली मिळाली. घरातच. आईच्या पायाखाली. हे मी दर वर्षी वर्गात शिकवायचे आणि दर वर्षी तिथे माझा आवाज बसायचा.

त्या लोकांचा आणि आपल्या आखाजीचा सरळ संबंध सिद्ध करता येत नाही, हे मलाही माहीत आहे. पण गेलेलं माणूस आणि मातीचं भांडं या मातीत फार जुने सोबती आहेत, एवढं मी म्हणणार. आजही अग्नी देणारा मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतो. प्रत्येक फेरीला दगडाने त्याला भोक पाडतात, धार लागते आणि शेवटी मडकं मागे टाकून फोडतात. माझ्या भावाने दादांसाठी, म्हणजे आमच्या बापासाठी, ते केलं तेव्हा हा भाचा शेजारीच उभा होता. त्या दिवशी प्लास्टिकचं चाललं असतं का रे बाळा?

चिडून लिहिलं. थोडं थांबते.

तसा पोरगा वाईट नाही. दोघं नोकरीला, चौथ्या मजल्यावर घर, धाकटं लेकरू. आखाजी करतात हेच खूप, माझ्या ओळखीतली कितीतरी घरं या दिवशी फक्त सराफाकडे जातात. आणि पोराने उंबरठा धुऊन, कुंकवाचं एकेक बोट उमटवत पणजोबांपासूनची नावं घेतली. मी कानांनी ऐकलं. माझ्या मोठीमायचंही नाव घेतलं. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकायला चूल नव्हती तर गोवरीचा तुकडा गच्चीत पेटवून टाकली. ज्याला एवढं सुचतं त्याला पाणी का सुचू नये, म्हणूनच जास्त लागलं मला.

दोष त्याच्या एकट्याचा नाहीच. बाजारात गेलात तर बघा, रस्त्याच्या एका बाजूला या चकचकीत कलशांचे खोके दुकानात पंख्याखाली रचलेले आणि त्याच दुकानासमोर कुंभाराची बाई उन्हात घागरी मांडून बसलेली. बाई घागर बोटाच्या पेरांनी वाजवून दाखवते, तडा नाही म्हणून. गिऱ्हाईक तिच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतं आणि मग दुकानात जाऊन छापील किमतीला खोका उचलतं. ही बाई आमच्या लग्नात, आमच्या मरणात, आमच्या सटवाईपासून दहाव्यापर्यंत लागते. तिच्याकडून वर्षातून एक घागर घेणं जड होतं आम्हाला!

आणि ते दुसरे. सकाळपासून फोनवर निरोपांची माळ लागलीय, तांब्याच्या कलशातून अमुक लहरी निघतात, नारळ ब्रह्मांडातली ऊर्जा खेचतो, परदेशात संशोधन झालंय. कुणी केलं, कुठे केलं, काही नाही. अरे, मातीच्या घागरीचं जे खरं आहे ते सांगा ना. ती पाझरते, अंगावरचं पाणी वाऱ्याने उडतं, आतलं गार होतं. खाली ओल्या वाळूचं आळं करा, आणखी गार. जो पाझर माझ्या भाच्याला फरशीसाठी नको आहे, त्याच पाझराने घोट गार होतो. घागरीच्या पोटावर लावलेलं कुंकू त्या ओलीने ओघळतं, खालच्या गव्हाच्या राशीपर्यंत लाल रेघ जाते. आमच्या घरी ती रेघ आली की मोठीमाय म्हणायची, पितर पाणी प्यायले.

त्या दुष्काळाच्या आखाजीचं पुढचं सांगायचं राहिलं. पूजा झाली, नैवेद्य कसला, ज्वारीची भाकर आणि गुळाचं पाणी. घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, नव्हतं, नदीच्या वाळूतल्या त्याच्या वाड्याच त्या वर्षी झाल्या नव्हत्या, तर तिने एक कैरी ठेवली. (नारळाचं म्हणाल तर तो आमच्याकडे पिकतच नाही. आमच्या घागरीवर आमच्या नदीतलं डांगर.) तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्यांतला, आमच्या गावचा नव्हता. हाताला चिंध्या बांधलेल्या. "माय, पानी से का?" मोठीमायने क्षणभरही इकडेतिकडे पाहिलं नाही. त्याच घागरीत तांब्या बुडवला. मला अजून मिळालं नव्हतं. तो प्यायला, ढसाढसा, आणि ओला हात डोळ्यांवरून फिरवला. ती आत येऊन मला म्हणाली, "हाऊच पित्तर उना." म्हणजे हाच पितर आला. मग मला पेला दिला.

तिने त्याच्या ओंजळीत वरून ओतलं होतं. तेही मला आठवतं आणि ते मी लपवणार नाही. त्या गावात सगळ्यांना एका विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. परंपरा सगळी गोड होती असं म्हणायला मी बसलेले नाही. पण घागर होती म्हणून तांब्या बुडाला. तिच्या दाराशी बंद कलश असता तर त्या माणसाला काय मिळालं असतं? हात जोडायला एक सोनेरी वस्तू.

एवढंच माझं म्हणणं आहे. कलश कुठलाही घ्या, मातीचा, तांब्याचा, स्टीलचा तांब्या असला तरी मी वाद घालणार नाही. त्यात पाणी भरा. पूजेनंतर ते पाणी कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. माणूस नाही तर गाय, गाय नाही तर तुळस. पूजेत आपण म्हणतो ना, कलशाच्या मुखात विष्णू, कंठात रुद्र, मुळाशी ब्रह्मा, पोटात सगळे सागर. सागर कुठे मावायचे, जर आत वाटीभरही जागा नसेल?

आता सागरांवरून नद्या आठवल्या. कलशात पाणी ओतताना गुरुजी म्हणतात, गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिंधु कावेरि. सात नद्या आल्या, पण त्यांत आपली तापी नाही. सूर्याची लेक, मुलताईहून निघून आख्खा खानदेश पोसत सुरतेकडे जाते, आषाढ सप्तमीला आपण तिची जयंती करतो, आणि श्लोकात तिला जागा नाही. मोठीमायला संस्कृत येत नव्हतं. ती गुरुजींचं होऊ द्यायची आणि मग घागरीवर हात ठेवून आपल्या मनाने पुढे जोडायची, "तापीमाय, पांझरामाय, बुराईमाय, या व." ज्या बुराईच्या वाळूत सकाळभर वाटीने पाणी गोळा केलं, तिलाही ती मानाने बोलवायची. गुरुजींनी कधी हरकत घेतली नाही.

मला वाटतं, असं प्रत्येक गावात कुणी ना कुणी म्हणत असणार. गिरणाकाठी गिरणामाय, अमळनेर-पारोळ्याकडे बोरी, शिरपूर-चोपड्याकडे अनेर, शहाद्याकडे गोमाई. तुमच्या घरच्या घागरीत कोणती नदी बोलावतात? खाली लिहा. गावाचं नावही लिहा. आणि ज्यांच्या घरी अजून आजी, मोठीमाय आहे, त्यांनी उद्या सकाळीच तिला विचारून लिहा.