डबा आला, वीज येऊन राहिली

विजेच्या गाड्यांच्या फास्ट चार्जिंग स्टेशनातली सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे चार्जर. ट्रकमधून येतो, क्रेनने उतरतो, चार बोल्टवर उभा राहतो, जेवणाच्या सुट्टीआधी काम खल्लास. नवरदेव सगळ्यांच्या आधी बोहल्यावर येऊन बसावा आणि मांडववाला अजून बांबू शोधत फिरावा, तशातली गत. नागपुरात वर्धा रोडजवळचा आमचा नवरदेव प्लास्टिक पांघरून गेल्या पावसाळ्यापासून बसला आहे. आंबिया बहाराची संत्री येऊन गेली, मृगाची येऊन गेली, आता मे लागला. त्याच्या डोक्यावरच्या फ्लेक्सवर ‘लवकरच’ लाल अक्षरांत आणि ‘सुरू होत आहे’ काळ्या अक्षरांत छापलं होतं. ऊन लाल रंग आधी खातं. आता तिथे नुसतं ‘सुरू होत आहे’ उरलंय.

चौकीदाराला विचारलं की तो म्हणतो, “काम होऊनच राहिलं ना काकाजी. पुढच्या हप्त्यात होऊन जाईन.” कोणता हप्ता, हे तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. ‘होऊन राहिलं’ हा काळ व्याकरणाच्या पुस्तकात सापडायचा नाही, तो बांधकामाच्या जागी सापडतो.

घरी चार्ज होत नाही का, असं पेट्रोलवाले विचारतात. होते की. ४० युनिटची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० वर न्यायची म्हणजे तिच्या पोटात २८ युनिट घालायचे. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला तीनेक युनिट निघतात, त्यातलं थोडं वाटेत गळतं. धरा दहा तास. रात्री नऊला लावली की सकाळी सातला, तर्री-पोह्यांच्या वेळेला, गाडी तयार. हिवाळ्यात हा हिशेब चोख जमतो. मेमध्ये त्याच लाइनवर कूलर असतो, वरच्या खोलीत एसी असतो आणि रात्री दीड वाजता एमसीबी खटकन पडतो. अंधारात सगळ्या खोल्यांमधून एकच प्रश्न येतो: “गाडी लावली होती का?” कूलर बंद करा असं कोणी म्हणत नाही. नागपूरच्या घरात गाडीचा नंबर कूलरच्या मागे.

ज्यांना घरीच भागवायचं आहे त्यांनी मीटरपासून सॉकेटपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर स्वतंत्र ओढावी, तिला स्वतंत्र एमसीबी लावावा आणि एक्स्टेंशन बोर्ड नावाची वस्तू विसरावी. प्लगला हात लावून चटका बसला तर मागचा स्क्रू ढिला आहे असं समजा. गाडीला शिव्या देऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. शिव्या त्याच्यासाठी राखून ठेवा.

पण आपण नवरदेवाबद्दल बोलत होतो. तो ६० किलोवॉटचा आहे. लाइनमधल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करताना पाचेक टक्के वीज उष्णता होऊन उडते, म्हणून ६० द्यायला तो ६३ घेतो, पॉवर फॅक्टरची थोडी तूट धरली की ६४-६५ केव्हीए (ट्रान्सफॉर्मर ज्यात मोजतात ते माप). म्हणजे ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज लाइनवर ९० अँपिअरच्या आसपास. ट्रान्सफॉर्मर सहसा मिळतात ६३, १०० आणि २०० केव्हीएचे. सगळी गंमत इथे आहे. ६३ चा केसभर कमी पडतो. वीज कंपनीच्या अर्जावर कोणीतरी ६३ लिहितो, दुसरा कोणीतरी ते वाचतो, आणि अर्ज घरी येतो. १०० लिहून पुन्हा जाईपर्यंत मालकाच्या डोक्यात येतं की जागा आहेच, तर चार्जर दोन लावू. दोन म्हणजे २०० केव्हीए. नवा अर्ज, नवं एस्टिमेट, नवा भरणा. चार्जर एका दिवसात उभा राहतो तो यामुळेच, त्याला कोणाला काही विचारावं लागत नाही.

आमच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीज केंद्रं. तिथल्या चिमण्या रात्रंदिवस धूर सोडतात, वीज महाराष्ट्रभर जाते. अडली आहे ती फक्त शेवटच्या चाळीस मीटरमध्ये. कारण त्या चाळीस मीटरवर सिमेंटचा रस्ता आडवा पडला आहे. डांबराचा असता तर रात्रीतून नाली खणून, केबल टाकून, वर माती लोटून सकाळी ‘आम्ही नाही बा’ म्हणता आलं असतं. सिमेंट कापायचं म्हणजे परवानगी, कटर, आणि नंतर तो रस्ता पहिल्यासारखा करून देण्याची अनामत. नाहीतर खालून आडवं बोअरिंग. पावसाळ्यात खोदकाम बंद, हे वेगळंच. केबल साधीच असते, ७० स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड, पण तिच्या टोकाचा लग (तार जोडायचं धातूचं टोपण) नीट दाबला नाही तर ९० अँपिअरला तो तापून काळा पडतो आणि सगळं पुन्हा पहिल्या पानापासून.

एवढं झालं की अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत जावी म्हणून खड्ड्यात पुरलेला इलेक्ट्रोड. इथे मात्र मी मन लावून थांबतो, कारण स्टेशन बंद पडतं ते बहुतेक इथे. फास्ट चार्जर हा सोवळ्यातला प्राणी आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला तर दोन-तीन व्होल्टच्या आत काटा हवा, खड्ड्याचा रेझिस्टन्स एक-दोन ओहमच्या आत हवा. नाहीतर गाडी तोंड फिरवते. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा प्लग, लावली की चार्जर आणि गाडी आधी आपसात बोलतात, मग इन्सुलेशन तपासतात, आणि हे सगळं पटलं तरच कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज सोडणारा स्विच, खट् करून बसतो. न पटल्यास पडद्यावर लाल अक्षरं. आमच्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहेच. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. ऑगस्टमध्ये एक ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये पाच दाखवतो, कारण इलेक्ट्रोडला माती चिकटलेलीच राहत नाही, मधून वारा जातो. उपाय जुनाच, आजीच्या तुळशीला असतो तो. रोज पाणी घाला. त्यासाठी खड्ड्याच्या तोंडाशी नरसाळं बसवलेलं असतं. लोक त्यात खर्ऱ्याच्या पन्न्या टाकतात.

आम्ही पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगतो की २०१७ च्या मे महिन्यात टॅक्सी, ई-रिक्षा, बस अशा २०० विजेच्या गाड्यांचा देशातला पहिला प्रयोग नागपुरातच सुरू झाला. पुढच्याच वर्षी केंद्राच्या सूचना आल्या की शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक तरी चार्जिंग स्टेशन असावं. आमच्या चौकोनात आहे. मोजणारा आला तर बोट दाखवायला आहे.

सुरू झाल्यावर सुख आहे असंही समजू नका. एका चार्जरला गन दोन, पण दोन्ही लागल्या की वाटणी ३०-३०. शेजारी कोणी ८० टक्के झाल्यावरही ‘फुल करून घेतो’ म्हणून बसला तर समजून जा. ८० च्या पुढे बॅटरी घोट घोट पिते, शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तरांइतका वेळ लागू शकतो. त्यात ऊन. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, मग निघालं की सेन्सर बिघडला होता. चार्जरच्या पोटातला सेन्सर न बिघडताही घाबरतो. डोक्यावर शेड नसेल आणि मागची जाळी धुळीने भरली असेल तर पंखे विमानासारखे ओरडतात आणि ६० चा डबा हळूच ३० वर येतो. जाळी काढून झटकायला पाच मिनिटं लागतात. कोणी झटकत नाही, कारण ते कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

गन लावल्यावर लगेच सोडून देऊ नका. केबल जड असते, लोंबकळली की खालच्या दोन जाड पिना एका बाजूला झुकतात आणि गाडीला वाटतं लॉक बसलाच नाही. लॉकचा आवाज येईपर्यंत गन तळहाताने वर उचलून धरायची. आणि पडदा अगदीच मेलेला असेल तर ग्राहक सेवेला फोन लावण्याआधी लाल छत्रीसारखं इमर्जन्सी बटण बघा. कोणाच्या तरी पोट्ट्याने ते दाबलेलं असतं. उजवीकडे पिळलं की टुणकन बाहेर येतं, मग दोन-तीन मिनिटं चार्जर स्वतःशीच पुटपुटतो. अ‍ॅपचं मी बोलत नाही. माझ्या मोबाइलमध्ये अशी पाच अ‍ॅप आहेत, प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये चाळीस-पन्नास रुपये अडकलेत, आणि त्यातलं एकही या स्टेशनला चालणार नाही याची मला खात्री आहे.

हे लिहीत असतानाच प्लास्टिक निघालं. विद्युत निरीक्षकाची तपासणी झाली, मीटर बसला, पडद्यावर हिरवं आलं, झेंडूचं तोरणही लागलं. गन गाडीत बसली, लॉक लागला, सात सेकंद गेले, आणि लाल अक्षरांत: अर्थ फॉल्ट. इलेक्ट्रिशियनने घड्याळाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि चौकीदाराला हाक मारली, “अबे, खड्ड्यात पाणी टाक दोन बादल्या.”

चौकीदाराने नळाला पाइप लावला आणि आपल्या केबिनकडे निघाला. “थांबा जी,” म्हणाला, “पह्यले कूलर भरून घेतो.”