‘जगमधली आंबट वाइन’ : मालकिणीकडून उत्तर

नमस्कार. लिस्बनमधल्या आमच्या खानावळीला तुम्ही 2 स्टार दिलेत. पोर्तुगालला येऊन गोड पोर्ट मागितली तर कोमट, आंबट-तुरट वाइन आली, तीही बिनलेबलची, मातीच्या जगमधून. वर न मागितलेल्या पाव-ऑलिव्हचे पैसे लावले, असं तुमचं म्हणणं.

कोमट होती, कबूल. ऑगस्टचा उकाडा आणि आमचा वाइनचा खोका कॉफी मशीनशेजारच्या फळीवर. रोजच्या सवयीने ते आमच्या लक्षातच येत नव्हतं. तुमचं वाचून मी फळीला हात लावला, तर आत्ताच इस्त्री फिरवल्यासारखी ऊन. अशी वाइन 16 ते 18 अंशांवर द्यायची असते. तापली की अल्कोहोल तेवढं नाकात शिरतं, फळाची चव मागे पडते. खोका आता फ्रिजमध्ये गेलाय, वाढायच्या जरा आधी बाहेर काढतो.

बिनलेबलची मात्र नव्हे. लेबल खोक्यावर आहे, पुढच्या वेळी आत येऊन बघा. इथल्या साध्या खानावळींत जेवणाबरोबर ‘घरची वाइन’ अशी जगमधूनच येते. आमच्याकडे अर्ध्या लिटरला 5 युरो. आमची दक्षिण पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातल्या एका सहकारी संस्थेची. आपल्याकडे सभासद कारखान्याला ऊस घालतात ना, तशी तिथले शेतकरी द्राक्षं घालतात. आरागोनेश, त्रिंकादैरा आणि थोडं आलिकांत बुशे. या शेवटच्या द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो, म्हणून रंग एवढा गडद. (तुमच्या शर्टावरचा डाग गेला का?) एकाच जातीची वाइन करण्यापेक्षा दोन-तीन जाती मिसळणं इथे जुनं आहे.

आता पोर्ट. मी मूळची डिचोलीची, त्यामुळे गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून काय मिळतं ते मला ठाऊक आहे. खरी पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यातली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची कडक दारू ओततात, आंबणं थांबतं, साखर उरते. अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. ती जेवणानंतर छोट्या ग्लासात घेतात. भाताबरोबर अर्धा लिटर प्यायलात तर हॉटेलवर पोचवायला माणूस द्यावा लागेल. आमच्याकडे ती आहे, पण वेटरने ‘रेड’ एवढंच ऐकलं. त्याने पुन्हा विचारायला हवं होतं.

आंबट-तुरटपणाबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. तो असायलाच हवा. बदकाच्या भातातली चरबी त्यानेच कापली जाते, पुढचा घास नवा लागतो. पण तुम्ही पिशवीतून मिरचीच्या ठेच्याची बरणी काढलीत आणि भातात कालवलात. तिखटाने तोंड पोळलं की तुरटपणा दुप्पट लागतो, वाइन घशाला झोंबते. ठेच्यापुढे इथली भली भली बाटली टिकायची नाही. तेव्हाच एक शब्द बोलला असतात तर गार विन्यु वेर्द, म्हणजे इथली हलकी, ताजी वाइन, आणून दिली असती.

पाव-ऑलिव्ह: न विचारता ठेवले, चूक आमची. पावती घेऊन या, पैसे परत.

ठेच्याची बरणी टेबलावरच राहिली होती, अर्धी भरलेली. तुम्ही परत याल म्हणून जपून ठेवली होती. आता बरणी तेवढी आहे, धुऊन ठेवलेली.