मित्राविरुद्ध तक्रार कोण करणार?

कॉपीची प्रकरणं विद्यार्थ्यांच्याच समितीने हाताळावीत, ही लेखातली सूचना मनापासून पटली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात 1893 साली विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने अशी पद्धत सुरू झाली. कॉपी केली नाही अशी प्रतिज्ञा उत्तरपत्रिकेवर लिहून सही करायची. पण खरी अडचण पुढे आहे. शेजारच्या बाकावरचा मित्र चिठ्ठी काढताना दिसला, तर बोलणार कोण? मी एकदा गप्प बसले, आणि रात्र रात्र जागून अभ्यास केलेल्या मैत्रिणीचा पहिला नंबर गेला. ते अजून सलतं. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर फुटणार नाही, एवढी खात्री मिळाली असती तर मी नक्की बोलले असते. आणि हो, ज्याच्यावर आरोप होतो त्यालाही बाजू मांडायची पूर्ण संधी हवी. कारण समितीतली मुलंसुद्धा त्याच्याच वर्गातली असू शकतात, आणि निकाल मैत्री किंवा वैरावर ठरायला नको.